राष्ट्राध्यक्षांना आपल्या मंडळातून हद्दपार करू नका

प्रति,
कार्यकारिणी व सर्व सभासद,
आपले न्यू जर्सीतील मराठी नाणेसंग्राहक मंडळ

स.न.वि.वि.

गेल्या बैठकीनंतर आपण कळवलेला नियम वाचला. "यापुढे मंडळाच्या बैठकीत अमेरिकेतील राजकीय पक्ष आणि आजी-माजी राष्ट्राध्यक्ष यांच्याविषयी चर्चा होणार नाही." ज्या भांडणावरून हा नियम आला त्या वेळी मी चहाच्या थर्मासशेजारीच उभा होतो, त्यामुळे आपली अडचण मला समजते. ट्रम्प यांच्या मुद्रेच्या एक डॉलरच्या नाण्याचा मसुदा कुणीतरी फोनवर दाखवला, दुसऱ्याने नाक मुरडले, तिसऱ्याने बायडनना ओढून आणले, आणि अर्ध्या तासात चांदीचे जुने मॉर्गन डॉलर बघायला आलेली माणसे कोट घालून घरी निघाली. ते दोन सभासद अजून एकमेकांशी बोलत नाहीत. त्यातल्या एकाकडे हॉलची किल्ली असते, म्हणजे प्रश्न साधा नाही.

तरीही हा नियम मागे घ्यावा, अशी माझी विनंती आहे. ती चारचौघांत करतो आहे, कारण नाण्यांच्या, तिकिटांच्या, जुन्या नकाशांच्या इतर मंडळांतही "राजकारण नको" असा ठराव घालायचे घाटते आहे असे कानावर येते. तिकिटवाल्यांचे तिकिटवाले बघतील. नाणेवाल्यांना मात्र हे जमणारच नाही.

खिशातली मोड काढून टेबलावर ठेवा. सेंटवर लिंकन, निकेलवर (पाच सेंट) जेफरसन, डाइमवर (दहा सेंट) फ्रँकलिन रूझवेल्ट, क्वार्टरवर (पंचवीस सेंट) वॉशिंग्टन. हाफ डॉलर हल्ली खिशात येत नाही, आलाच तर त्यावर केनेडी. या मंडळींविषयी बोलायचे नाही म्हटल्यावर बैठकीत काय करायचे? कडेचे दाते मोजायचे?

आणि हे चेहरे तिथे आपोआप आलेले नाहीत. १७९२ साली टांकसाळीचा कायदा होत होता तेव्हा सिनेटच्या मसुद्यात नाण्यावर त्या त्या वेळच्या राष्ट्राध्यक्षाचे मस्तक असावे असे होते. प्रतिनिधिगृहाने ते हाणून पाडले. नाण्यावर डोके असते ते राजाचे, आणि राजा तर आपण नुकताच घालवला, असा एकूण सूर होता. २ एप्रिल १७९२ ला कायदा झाला त्यात राष्ट्राध्यक्षाऐवजी स्वातंत्र्याचे प्रतीक आले. परवा आपल्याकडे थर्मासशेजारी जो वाद पेटला तो मुळात हाच आहे. सव्वादोनशे वर्षांहून जुना आहे, आणि त्या वेळी वाद घालणाऱ्यांनी तो घातला म्हणून तर आपल्याला स्वातंत्र्यदेवतेची इतकी देखणी नाणी मिळाली. त्यांनी "सभागृहात राजकारण नको" असा नियम केला असता तर आपले अल्बम एका रांगेत राष्ट्राध्यक्षच राष्ट्राध्यक्ष असे दिसले असते.

पुढची शंभरावर वर्षे चलनी नाण्यावर खऱ्याखुऱ्या माणसाचा चेहरा नव्हता. १९०९ मध्ये लिंकनच्या जन्मशताब्दीला तो बांध फुटला. व्हिक्टर डेव्हिड ब्रेनर हा लिथुआनियात जन्मलेला, नशीब काढायला इकडे आलेला मूर्तिकार. त्याने सेंटच्या मागच्या बाजूला, तळाशी, आपली तीन आद्याक्षरे ठळक कोरली म्हणून एवढा गिल्ला झाला की काही दिवसांतच ती काढून टाकावी लागली. सॅन फ्रान्सिस्कोच्या टांकसाळीत तोवर त्या छापाचे ४,८४,००० सेंट पाडून झाले होते, आणि त्यातला एक तरी हाती लागावा म्हणून आपल्यातल्या प्रत्येकाने कधी ना कधी डोळे फोडून घेतलेले आहेत.

लिंकनवर फारसे भांडण होत नाही, वॉशिंग्टनवर तर नाहीच. १९३८ च्या निकेलवर जेफरसन आला तेव्हा सत्तेवर डेमोक्रॅट होते आणि जेफरसनला ते आपल्या पक्षाचा मूळ पुरुष मानत, हे लक्षात ठेवून पुढे जाऊ. खरी गंमत डाइमपासून सुरू होते.

रूझवेल्ट १२ एप्रिल १९४५ ला गेले आणि ३० जानेवारी १९४६ ला, त्यांच्या वाढदिवशी, त्यांचा डाइम चलनात आला. इतक्या झटपट कसा? एक तर त्यांनी उभारलेल्या पोलिओच्या निधीसाठी लोकांनी व्हाइट हाउसला पाकिटांतून डाइम पाठवले होते, त्यामुळे नाणे कोणते हे जणू ठरलेलेच होते. दुसरे म्हणजे कायद्याने नाण्याचा नमुना काँग्रेसच्या, म्हणजे इथल्या संसदेच्या, परवानगीशिवाय २५ वर्षे बदलता येत नाही. आधीचा मर्क्युरी डाइम १९१६ चा, त्याची मुदत संपलेली होती. काँग्रेसकडे जायची गरजच नव्हती, अर्थखात्याने आपल्या अधिकारात काम उरकले. विरोधकांना मत द्यायची संधीसुद्धा मिळाली नाही.

मग त्यांनी दुसरा मार्ग शोधला. रूझवेल्टच्या मानेच्या छेदाशी जॉन सिनॉक या कोरणाऱ्याची 'जेएस' अशी बारीक आद्याक्षरे आहेत. ती जोसेफ स्टालिनची आहेत अशी अफवा देशभर पसरली. टांकसाळीला खुलासे करावे लागले. अठरा वर्षांनी केनेडींचा हाफ डॉलर आला, त्यावर मानेखाली गिलरॉय रॉबर्ट्सची आद्याक्षरे एकात एक गुंतवलेली होती, तर लोकांना त्यात विळा-हातोडा दिसला. दोन्ही नाण्यांवर डेमोक्रॅट राष्ट्राध्यक्ष, दोन्ही वेळा मान, दोन्ही वेळा कम्युनिस्ट! नव्या सभासदाला भिंग कसे धरायचे ते शिकवायला याहून चांगला धडा मला माहीत नाही. आता नियमाप्रमाणे मी त्याला काय सांगू? "बाळा, ती अक्षरे बघ, पण ती कुणाची समजली गेली आणि का, ते विचारू नकोस"?

केनेडींचे तर सगळेच घाईचे. २२ नोव्हेंबर १९६३ ला हत्या झाली, डिसेंबर संपायच्या आत काँग्रेसने मंजुरी दिली. इथे मंजुरी लागली, कारण फ्रँकलिनचा हाफ डॉलर १९४८ चा, पंचवीस वर्षे भरली नव्हती. क्वार्टर की हाफ, असा प्रश्न आला तेव्हा वॉशिंग्टनला हटवू नका, असे म्हणून जॅकलिन केनेडींनी हाफ डॉलर निवडला. मार्च १९६४ मध्ये नाणे आले आणि आले तसे नाहीसे झाले. लोकांनी ते आठवण म्हणून घरात ठेवले. एखाद्या नेत्यावरचे प्रेम नाण्याला चलनातून कसे बाहेर काढते ते पाहायचे असेल तर हे उदाहरण. त्याच वर्षी नेहरू गेले आणि आपल्याकडे त्यांच्या मुद्रेचा रुपया निघाला, स्वतंत्र भारताचे ते पहिले स्मारक नाणे. आपल्या बऱ्याच सभासदांच्या घरी हे दोन्ही शेजारी शेजारी ठेवलेले मी पाहिले आहेत.

आयझेनहॉवर १९६९ मध्ये गेल्यावर रिपब्लिकनांच्या मनात केनेडींचा हाफ डॉलर नसेल असे म्हणणे भाबडेपणाचे होईल. निक्सन यांनी १९७० च्या अगदी शेवटच्या दिवशी सही केली आणि १९७१ मध्ये 'आइक' डॉलर आला, भला थोरला, ३८ मिलिमीटरचा, मागे अपोलो ११ चे चिन्ह असलेला. त्याचा उपयोग लास व्हेगासच्या यंत्रांत टाकण्यापलीकडे फारसा झाला नाही. मला व्यक्तिशः तो आवडतो, पण ती माझी खोड.

मग २००३. इंडियानाचे रिपब्लिकन प्रतिनिधी मार्क साउडर यांनी विधेयक आणले की डाइमवरून रूझवेल्टना काढून रेगनना बसवा. रेगन तेव्हा हयात होते, पण स्मृती गेलेली. नॅन्सी रेगन यांनी जाहीरपणे सांगितले की हे मला मान्य नाही आणि माझ्या नवऱ्यालाही झाले नसते. विषय तिथेच बारगळला. तरुणपणी रेगन स्वतः डेमोक्रॅट होते आणि त्यांनी रूझवेल्टना चारही वेळा मत दिले होते, हे पुष्कळ रिपब्लिकनांना आजही ठाऊक नसते. आपल्या बैठकीत मी हे एकदा सांगितले तेव्हा डावीकडचे आणि उजवीकडचे दोघेही एकदम गप्प झाले होते. अशी शांतता नियम करून मिळत नाही.

आता माझ्या मुख्य मुद्द्याकडे येतो. कार्यकारिणी असे गृहीत धरते आहे की राष्ट्राध्यक्षांचा विषय निघाला की माणूस आपल्या पक्षाच्या बाजूने बोलणार. टीव्हीसमोर बसून माणूस तसे बोलतो, मान्य. पण नाणे हातात घेतलेला माणूस वेगळाच बोलतो, आणि आपल्या छंदातली सगळ्यात मोलाची गोष्ट मला तीच वाटते.

आपल्यातले एक ज्येष्ठ काका घ्या. दर निवडणुकीत डेमोक्रॅटांसाठी फोन करत बसणारे. त्यांच्यापुढे फ्रँकलिन रूझवेल्टचे नाव काढून बघा. "माझ्या धंद्याचा घात केला या माणसाने," असे म्हणतात. धंदा म्हणजे काकांचा संग्रह. ५ एप्रिल १९३३ ला रूझवेल्टनी हुकूम काढला की लोकांनी सोन्याची नाणी, सोन्याचे बार आणि सोन्याच्या हमीपावत्या १ मेच्या आत बँकेत जमा कराव्यात. माणशी शंभर डॉलरपर्यंतची सूट. नाही दिले तर दहा हजार डॉलर दंड किंवा दहा वर्षांची कैद. सोने घेतले औंसाला २०.६७ डॉलरने आणि पुढच्या जानेवारीत भाव केला ३५. मधला फरक कुणाच्या पदरात पडला ते सांगायला नको. किती डबल ईगल, म्हणजे वीस डॉलरची सोन्याची नाणी, वितळली याचा विचार आला की काकांचा चहा गार होतो.

पण त्याच हुकुमात एक ओळ आहे. दुर्मीळ आणि वेगळ्या नाण्यांच्या संग्राहकांच्या लेखी ज्यांना विशेष मोल आहे अशी सोन्याची नाणी त्यातून वगळली होती. ही ओळ आली कुठून? रूझवेल्टचे पहिले अर्थमंत्री विल्यम वुडिन स्वतः नाणेवेडे होते, अमेरिकेच्या चाचणी-नाण्यांवर १९१३ मध्ये निघालेल्या पुस्तकाचे सहलेखक. पूर्वापार रिपब्लिकन, पण रूझवेल्टच्या पाठीशी उभे राहिलेले. ती सूट त्यांच्यामुळेच आली असे आपल्या छंदात सर्रास मानतात. म्हणजे डेमोक्रॅट राष्ट्राध्यक्षाच्या हुकुमापासून आपला छंद वाचवला तो एका रिपब्लिकन संग्राहकाने, त्याच राष्ट्राध्यक्षाच्या मंत्रिमंडळात बसून. हे ऐकून काकांनी रूझवेल्टना माफ केले नाही, पण वुडिनचा फोटो छापून संग्रहाच्या पेटीत लावला. आणि गंमत म्हणजे पलीकडच्या तिकिटवाल्यांत हेच रूझवेल्ट दैवत आहेत. ते स्वतः तिकिटे जमवत, नव्या तिकिटांच्या नमुन्यांत जातीने लक्ष घालत. एकच राष्ट्राध्यक्ष, एका छंदात दैवत आणि दुसऱ्यात दरोडेखोर. यात पक्ष कुठे आला?

दुसरे उदाहरण, आपली एक ताई. कट्टर रिपब्लिकन, घरासमोर दर चार वर्षांनी पाटी. पण बिल क्लिंटन यांच्याविषयी ती एक शब्द वावगा बोलत नाही, कारण डिसेंबर १९९७ मध्ये त्यांनी पन्नास राज्यांसाठी एकेक क्वार्टर काढायच्या कायद्यावर सही केली आणि १९९९ मध्ये डेलावेअरच्या क्वार्टरवरचा घोडेस्वार सुट्या पैशांत आला तेव्हा तिची मुले पहिल्यांदा आईबरोबर बसून नाणी निवडू लागली. उलट माझ्यासारखा माणूस मताला रेगनच्या वाऱ्यालाही उभा राहत नाही, पण १९८५ मध्ये त्यांनी सही केलेल्या कायद्याने पुढच्या वर्षी सोन्याचा ईगल आला आणि त्यावर मूर्तिकार सेंट-गॉडन्सची ती चालत येणारी स्वातंत्र्यदेवता पुन्हा अवतरली, म्हणून त्या एका सहीला माझा नमस्कार.

सेंट-गॉडन्स म्हटले की थिओडोर रूझवेल्ट, म्हणजे फ्रँकलिनच्या आधीचे रिपब्लिकन रूझवेल्ट, आलेच. आपल्या देशाची नाणी कलादृष्ट्या भयंकर कुरूप आहेत, असे त्यांनी आपल्या अर्थमंत्र्याला १९०४ मध्ये लिहिले, आणि देशातला सगळ्यात मोठा मूर्तिकार कामाला लावला. टांकसाळीचा मुख्य कोरणारा चार्ल्स बार्बर आडवा आला. एवढा उठाव यंत्राला पेलणार नाही असे त्याचे म्हणणे, आणि तांत्रिकदृष्ट्या ते खरेही होते. ऑगस्ट १९०७ मध्ये सेंट-गॉडन्स वारले, त्या वर्षाअखेर डबल ईगल आला. त्यावर "देवावर आमचा विश्वास" हे बोधवाक्य नव्हते. देवाचे नाव पैशावर घालणे म्हणजे देवाचा उपमर्द, असे रूझवेल्टचे मत. काँग्रेसने १९०८ मध्ये ते वाक्य सक्तीने परत घातले. धर्म आणि सरकार या विषयावर रिपब्लिकन काय म्हणतात आणि डेमोक्रॅट काय म्हणतात याची ज्यांना आज पक्की खात्री आहे, त्यांनी १९०७ आणि १९०८ चे डबल ईगल शेजारी ठेवून बघावेत.

लिंडन जॉन्सन यांच्याबद्दल मात्र मंडळात दोन मते नाहीत, आणि तिथे पक्षभेद विसरून सगळे एक होतात. २३ जुलै १९६५. डाइम आणि क्वार्टरमधली चांदी संपली, हाफ डॉलरमध्ये ४० टक्के उरली. १९६४ चा डाइम टेबलावर टाका, मग १९६५ चा टाका. पहिला खणकन वाजतो, दुसरा टक्क करून पडतो. अडीच ग्रॅमचा सव्वादोनवर आला आणि कडेला तांब्याची लाल रेघ आली. चांदीचा भाव वाढत होता, जुने प्रमाण ठेवले असते तर नाणी वितळवण्यातच फायदा होता, त्यामुळे दुसरा मार्ग नव्हता हे मलाही कळते. पण मोडीच्या टंचाईचा ठपका त्या वेळी आपल्यासारख्या संग्राहकांवर आला. आपल्याला नाउमेद करायला १९६५ ते १९६७ अशी तीन वर्षे नाण्यांवरून टांकसाळीची खूणसुद्धा काढून टाकली. हा राग नागरी हक्कांचा कायदा करणाऱ्या जॉन्सनवरचा नाही, व्हिएतनामवाल्या जॉन्सनवरचाही नाही. तो फक्त आपला, घरगुती राग आहे.

कार्टर यांचे काय, तर १९७९ चा, स्त्रियांच्या मताधिकारासाठी लढलेल्या सुसान अँथनी यांच्या मुद्रेचा डॉलर. क्वार्टरपेक्षा दोन मिलिमीटरने मोठा, रंग तोच, कडा तशीच. दुकानदार फसले, लोक वैतागले आणि नाव पडले 'कार्टर क्वार्टर'. त्याउलट कूलिज. १९२६ मध्ये स्वातंत्र्याच्या दीडशेव्या वर्षाच्या स्मारक हाफ डॉलरवर वॉशिंग्टनच्या जोडीला ते स्वतः झळकले, पदावर असताना आणि हयात असताना. अमेरिकन नाण्यावर आलेले ते पहिले जिवंत राष्ट्राध्यक्ष. दहा लाखांवर पाडली आणि बहुतेक वितळवली, कारण कुणी घेईना. उठाव इतका उथळ की नवे नाणेही झिजलेले वाटते. ट्रम्प यांच्या डॉलरवर ज्यांना तावातावाने बोलायचे आहे त्यांनी, बाजू कुठलीही असो, आधी हे कूलिजचे नाणे हातात घेऊन बोलावे.

आता जे आपल्या सगळ्यांच्या जिव्हाळ्याचे आहे त्याकडे. मॉर्गन डॉलर. आपल्या मंडळात तो नसलेले घर नाही. त्याचा कायदा १८७८ मध्ये झाला तो रिपब्लिकन राष्ट्राध्यक्ष हेज यांनी नकाराधिकार वापरल्यावर, त्याच दिवशी तो नकार मोडून. चांदीवाल्यांनी काँग्रेस हलवली होती. आणि ११ मार्चला फिलाडेल्फियाच्या टांकसाळीत जे पहिले चांगले नाणे निघाले ते भेट म्हणून कुणाला पाठवले? हेजना! ज्याने नको म्हटले त्याच्याच हातात. विनोद कुणी मुद्दाम केला नसेल, पण झाला खरा.

त्या मॉर्गनांचे पुढे काय झाले ते आपल्या मुंबईकर सभासदांनी तरी विसरू नये. पहिल्या महायुद्धात ब्रिटिशांनी हिंदुस्थानातून माणसे, धान्य, ताग उचलला आणि मोबदल्यात नोटा वाटल्या. १९१८ पर्यंत लोक नोटा घेऊन चांदीचे रुपये मागायला खजिन्याच्या दारात येऊ लागले आणि तिजोरीत चांदी नव्हती. १९१७ मध्ये एक रुपयाची नोट काढावी लागली ती याच ओढाताणीत. अखेर ब्रिटनने अमेरिकेपुढे हात पसरला. २३ एप्रिल १९१८ ला राष्ट्राध्यक्ष विल्सन यांच्या काळात पिटमन कायदा झाला. तो ज्यांच्या नावाचा ते 'की पिटमन' (Key Pittman) हे नेवाडाचे डेमोक्रॅट सिनेटर, नेवाडा म्हणजे चांदीच्या खाणींचे राज्य. सत्तावीस कोटींहून जास्त चांदीचे डॉलर वितळवले आणि त्यातली बहुतेक चांदी हिंदुस्थानसाठी ब्रिटिशांना विकली, औंसाला एक डॉलर भावाने. त्याच भावाने पुढे अमेरिकन खाणींकडून चांदी परत घ्यायची अशी कायद्यात पाचर मारून ठेवली होती, आणि म्हणून १९२१ चा मॉर्गन आणि त्यामागून पीस डॉलर आला.

आपल्यातल्या अनेकांकडे आजीच्या पेटीतले पंचम जॉर्जचे रुपये आहेत. १९१८ चा काढा, मागच्या बाजूला खालच्या कमळाशी भिंग न्या. ठिपका असेल तर तो मुंबईच्या टांकसाळीत पाडलेला. त्या रुपयात कुठल्या मॉर्गनचा किती अंश आहे हे देवालाच ठाऊक, पण असण्याची शक्यता दाट आहे. कोकणातल्या एखाद्या घरी लग्नात ओटीत घातलेला रुपया आणि नेवाडातल्या एका सिनेटरची मतपेढी यांचा असा संबंध आहे. विल्सन, पिटमन, डेमोक्रॅट, चांदीचे राजकारण, हे शब्द वगळून हे सांगून दाखवा. मी माझा सगळ्यात चांगला मॉर्गन बक्षीस देईन.

आणि ज्यांना वाटते की पूर्वी लोक सभ्यपणे बोलत, हल्लीच भाषा बिघडली, त्यांना माझ्या संग्रहातले एक तांब्याचे टोकन दाखवायचे आहे. १८३७ चे, जुन्या मोठ्या सेंटएवढे. अँड्र्यू जॅक्सन यांनी राष्ट्रीय बँक मोडीत काढली, उत्तराधिकारी व्हॅन ब्यूरन यांच्या पहिल्याच वर्षी बाजार कोसळला, लोकांनी नाणी दडवली, आणि मोड मिळेना म्हणून खासगी लोकांनी अशी टोकने पाडली. याच्या एका बाजूला कासव आहे, पाठीवर सरकारी तिजोरी घेऊन निघालेले. दुसऱ्या बाजूला गाढव, चारी पाय उधळलेले, आणि भोवती अक्षरे: "मी माझ्या थोर पूर्वसुरींच्या पावलावर पाऊल टाकतो." हे व्हॅन ब्यूरन यांचेच वाक्य, जॅक्सनना उद्देशून म्हटलेले, गाढवाच्या तोंडी घातले आहे. माझ्या नगाच्या कासवाची पाठ घासून गुळगुळीत झाली आहे, म्हणजे या टोकनाने कित्येक हातांतून पाव आणि तंबाखू विकत घेतली असणार. राष्ट्राध्यक्षाला गाढव म्हणून त्या गाढवाने बाजारहाट करायची, हे तेव्हा चालले. आपल्याला चहाच्या टेबलाशी नाव काढलेले चालत नाही.

कार्यकारिणीची बाजूही मला दिसते. नवे सभासद येतात, काही जण व्हिसावर असतात, त्यांना या देशाच्या राजकारणावर मोठ्याने बोलायची धास्ती वाटते. मुलेही असतात. परवाच्या भांडणात दोघांपैकी कुणीही नाण्याबद्दल एक वाक्य बोलले नाही, हे खरे. त्यांच्यासमोर नाणे नव्हतेच, फोन होता. तिथेच गडबड झाली. ऑक्टोबर २०२५ मध्ये जो मसुदा पुढे आला त्यावर नाणेवाल्यांसारखे बोलायचे असते तर किती होते! २००५ च्या कायद्याने राष्ट्राध्यक्षांच्या डॉलरमालिकेत हयात व्यक्तीला मज्जाव होता, मेल्यावरही दोन वर्षे थांबायचे होते. २०२६ च्या डॉलरसाठीचा कायदा वेगळा, त्यावर सही खुद्द ट्रम्प यांची, आणि त्यात नाण्याच्या मागच्या बाजूला जिवंत किंवा मृत कुणाचेही डोके-खांद्याचे चित्र नको असे म्हटले आहे. मग पुढच्या बाजूचे काय? मागे मूठ उगारलेली आकृती त्यात बसते का? यावर दोन तास वाद झाला असता आणि तो ऐकायला मी स्वतःच्या खर्चाने बटाटेवडे आणले असते. सेंटचेही तसेच. नोव्हेंबर २०२५ मध्ये फिलाडेल्फियाला चलनी सेंट पाडणे थांबले. एक सेंट पाडायला साडेतीन सेंटांहून जास्त खर्च येत होता, हे ओबामांच्या चाहत्याला आणि ट्रम्प यांच्या चाहत्याला सारखेच कळते. वाद आहे तो किमती पाच सेंटांच्या पटीत आणताना कुणाचा तोटा होणार यावर. तो व्हायलाच हवा.

जाता जाता, नियमात फक्त अमेरिकेतले पक्ष आहेत. भारतातल्या पक्षांचा उल्लेख नाही. नेहरूंच्या रुपयावर आणि २०१८ च्या वाजपेयींच्या शंभराच्या नाण्यावर आपल्याकडे काय बोलले जाते ते मी इथे लिहीत नाही. ते बंद करायचा प्रयत्न कार्यकारिणीने केला नाही, यात तिचा व्यवहारीपणा दिसतो.

तर माझी सूचना अशी. आताचा नियम रद्द करून त्याजागी एवढेच लिहावे: ज्या राष्ट्राध्यक्षाविषयी बोलायचे त्याच्याशी संबंधित नाणे, टोकन किंवा पदक बोलणाऱ्याने आधी टेबलावर ठेवावे आणि ते सगळ्यांच्या हातातून फिरून परत आल्यावरच तोंड उघडावे. ज्याच्याकडे नाणे नाही त्याने त्या दिवशी ऐकावे. फोनवरचे चित्र चालणार नाही. प्रत्येकाला दहा मिनिटे, घड्याळ चिटणिसांकडे.

पुढच्या बैठकीत हा विषय कार्यक्रमपत्रिकेवर घ्यावा. गाढवाचे टोकन मी आणतो. परवा भांडलेल्या दोघांपैकी एकाकडे कूलिजचा हाफ डॉलर आहे, दुसऱ्याकडे १९७१ चा चांदीचा आइक. दोघांना मी स्वतंत्रपणे फोन करून घेऊन यायला सांगितले आहे, आणि किल्लीवाल्यांना अर्धा तास आधी यायला सांगितले आहे.

कळावे, लोभ असावा ही विनंती.

आपला,
मंडळाचा एक जुना सभासद